चेंडू बाहेर गेला असे केव्हा म्हणायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आजवर पाककृती, आरोग्य, बचत, मुलांचे संगोपन अशा विषयांवर भाषणे झाली. या वर्षी सचिवबाईंनी मला बास्केटबॉलच्या नियमांवर बोलायला सांगितले तेव्हा पुष्कळजणी हसल्या. हसणे साहजिकच होते. पण आपले मंडळ दरवर्षी वस्तीतल्या मुलींचे सामने भरवते. वर्गणी आपण काढतो, सरबत आपण करतो, बक्षिसे आपण देतो, आणि सामना सुरू झाला म्हणजे पंचांवर ओरडतोही आपणच. तेव्हा ज्यावरून ओरडायचे ते निदान माहीत तरी असावे, म्हणून हा विषय ठेवला आहे.

मी खेळाडू नव्हे. माझ्या दोन्ही मुली खेळतात, आणि टेबलावर गुण लिहायला कुणी मिळेना म्हणून सहा वर्षांपूर्वी मला बसवले, ती मी अजून बसतेच आहे. नियमांचे पुस्तक इंग्रजीत आहे. थोरलीने वाचून अर्थ सांगायचा आणि मी तो मराठीत उतरवून घ्यायचा, असे करता करता एक शंभरपानी वही भरली. त्या वहीतला एकच भाग आज सांगते. चेंडू मैदानाबाहेर गेला असे केव्हा म्हणायचे, आणि मग तो कुणाला द्यायचा. सामन्यात सर्वांत जास्त आरडाओरडा यावरूनच होतो. चेंडू जाळीतून पडला की तो सगळ्यांनाच दिसतो. रेघेचे तसे नाही.

मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. भोवती ५ सेंटिमीटर रुंदीची, म्हणजे आपल्या तीन बोटांएवढी रेघ. आता ही रेघ आतली की बाहेरची? टेनिसमध्ये चेंडू रेघेला नुसता चाटून गेला तरी आत धरतात. व्हॉलीबॉलमध्येही तसेच. फुटबॉलमध्ये तर अख्खा चेंडू रेघ ओलांडून गेल्याशिवाय बाहेर धरत नाहीत. आपल्या कबड्डीतसुद्धा रेघ मैदानाचीच. त्यामुळे आपल्या डोळ्यांना रेघ आत धरायची सवय लागली आहे. बास्केटबॉलमध्ये मात्र रेघ बाहेरची. मैदानाचे माप रेघेच्या आतल्या कडेपासून घेतात, म्हणून रेघ मैदानात मोजलेलीच नाही. क्रिकेट पाहणाऱ्यांनी सीमेवरचा दोर आठवावा. चेंडू दोराला लागला की चौकार, तो दोराच्या पलीकडे पडायला लागत नाही.

आपल्याकडे उंबऱ्यावर उभे राहून काही देऊ-घेऊ नये म्हणतात, कारण उंबरा ना घरातला ना दारातला. या खेळाने तो वाद मिटवून टाकला आहे. इथे उंबरा दारातला. मुलीच्या हातात चेंडू असताना तिच्या बुटाची कड जरी रेघेला लागली तरी ती बाहेर, आणि तिच्यामुळे चेंडूही बाहेर. चेंडू तिने छातीशी धरलेला असतो, मैदानाच्या चांगला आत असतो, आणि आपण ओरडतो, “अहो, चेंडू तर आत आहे!” चेंडू आत असून उपयोग नाही. पाय कुठे आहे ते पाहायचे.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, ती तर पुष्कळ खेळाडूंनाही माहीत नसते. चेंडू बाहेर गेल्यावर समोरच्या संघाची मुलगी बाहेर उभी राहून तो आत फेकते. तिला पाच सेकंद मिळतात. त्या वेळी तिचा पाय रेघेवर आला की आपल्यातल्या निम्म्याजणी उठून उभ्या राहतात, “रेघेवर पाय! रेघेवर पाय!” अहो, तिने बाहेरच राहायचे आहे आणि रेघ बाहेरचीच आहे. मग रेघेवर पाय आला तर बिघडले काय? रेघ ओलांडून आतल्या जमिनीवर पाय टेकला तर मात्र चूक. नियम दोन्हीकडे एकच आहे, आपण सोयीप्रमाणे फिरवतो.

आपल्या मैदानावर तर याहून मोठा घोळ आहे. मागच्या रंगकामात रंगाऱ्याने जुन्या रेघेवर रंग देण्याऐवजी तिला लागून आतल्या बाजूने दुसरी रेघ ओढली. त्यामुळे बोर्डाजवळच्या कोपऱ्यात रेघ चांगली चार-पाच बोटे जाड झाली आहे. कुणी जुनी रेघ धरते, कुणी नवी. आतली कडच धरायची असल्यामुळे बाहेरच्या बाजूला रंग जास्त झाला असता तर काही अडले नसते. आत झाला, त्याने मैदानच लहान झाले.

आता चेंडू हवेत असतानाचे. चेंडू उडून रेघेच्या पलीकडे गेला की आपण “आउट” म्हणून मोकळ्या होतो. पण नुसता पलीकडे गेल्याने तो बाहेर होत नाही. बाहेरच्या जमिनीला, बाहेरच्या कुठल्याही वस्तूला किंवा बाहेर असलेल्या माणसाला लागला म्हणजे बाहेर. तोपर्यंत तो जिवंत आहे. एखादी मुलगी आतून उडी मारते, रेघेपलीकडे हवेतच चेंडूला थाप मारून तो आत ढकलते आणि मग बाहेर जाऊन पडते. ते बरोबर आहे. हवेत असलेली खेळाडू कुठली, तर जिथे तिचा पाय शेवटचा जमिनीला होता तिथली. आतून उडाली म्हणजे खाली येईपर्यंत आतलीच. आणि बाहेरून उडी मारून आत येता येता चेंडूला हात लावला, तर शरीर सगळे मैदानावर असले तरी ती बाहेरचीच. सासरी पाऊल टेकेपर्यंत मुलगी माहेरची, तसे म्हणा हवे तर.

बोर्डाचेही लक्षात ठेवावे. बोर्डाची पुढची बाजू आणि कडा चालतात. मागची बाजू किंवा त्याला धरणारा लोखंडी खांब लागला की चेंडू बाहेर. पंचाच्या अंगाला चेंडू लागला तर पंच जिथे उभा असेल तिथल्या जमिनीला लागला असे समजतात. पंच आत असेल तर खेळ चालू, रेघेवर असेल तर चेंडू बाहेर.

इथपर्यंत सोपे आहे. अवघड पुढे आहे. चेंडू बाहेर गेला हे सगळ्यांना पटले, पण कुणामुळे गेला?

नियम सांगायला एक ओळ पुरे. बाहेर जाण्यापूर्वी ज्या खेळाडूने त्याला शेवटचा स्पर्श केला, किंवा ज्या खेळाडूला तो शेवटचा लागला, तिच्यामुळे. यातले ‘किंवा’ महत्त्वाचे. खेळाडूने मुद्दाम हात लावायला पाहिजे असे नाही. चेंडू येऊन पोटरीला लागला, वेणीला लागला, तरी तो तिचाच. चेंडू हातात असलेली मुलगी कोपऱ्यात दोघींनी अडवली, तिला वाट उरली नाही, की ती हळूच चेंडू समोरचीच्या पायावर टाकते आणि तो बाहेर जातो. चेंडू परत तिच्याच संघाला. आपल्याला वाटते, ही तर लबाडी, मारलेही तिने आणि चेंडूही तिलाच. पण हे खेळाचे अंग आहे, बंदी नाही. उलट समोरची मुलगी रेघेवर पाय ठेवून उभी असेल आणि उडता चेंडू तिच्या खांद्याला लागला, तर त्याच क्षणी चेंडू बाहेर आणि कारण ती. चेंडू नंतर टप्पा घेऊन मैदानात परत आला तरी काही फरक पडत नाही. म्हणून प्रशिक्षक मुलींना रेघेजवळ उगाच उभे राहू नका म्हणून सांगत असतात.

आणि ‘शेवटचा’ म्हणजे अगदी शेवटचा. चेंडू निळ्या मुलीच्या हातून सुटला, पांढऱ्या मुलीच्या बोटाच्या टोकाला लागला आणि बाहेर गेला, तर तो पांढऱ्यांमुळे गेला. ते बोट लागलेले साऱ्या मैदानात दोघांनाच कळलेले असते, त्या मुलीला आणि जवळ असलेल्या पंचाला. मुलगी बोलत नाही. पंचाला बोलावेच लागते.

हा खेळ निघाला तेव्हा हा नियम असा नव्हता. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी खेळ काढला, पीचची फळे ठेवायच्या करंड्या सज्जाला टांगून. त्यांचे १३ नियम होते. त्यात चेंडू बाहेर गेला की जो त्याला पहिल्यांदा हात लावील त्याने तो आत फेकावा, असे होते. कल्पना करा काय होत असेल! चेंडू बाहेर गेला की दोन्हीकडचे गडी त्याच्यामागे धावणार, एकमेकांना ढकलणार, प्रेक्षकांत घुसणार. पुढे पुढे काही ठिकाणी मैदानाभोवती चक्क तारेची जाळीच लावली, म्हणजे चेंडू बाहेर जायलाच नको. मग नियम बदलून ‘शेवटचा हात ज्याचा, चेंडू त्याच्या विरुद्ध संघाचा’ असे झाले. तेव्हा पंचाला शेवटचा हात कुणाचा हे पाहावे लागते, ते धक्काबुक्की थांबावी म्हणून आले आहे.

त्याच पहिल्या नियमांत एक शहाणपणाचे कलम होते. वाद झाला तर पंचाने स्वतः चेंडू सरळ मैदानात फेकावा. म्हणजे पंचाला कळले नाही असेही होऊ शकते, हे खेळ काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून धरले होते.

बायकांच्या खेळाची गोष्ट अजून निराळी. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी १८९३ मध्ये मुलींचा सामना भरवला. तेव्हा मैदानाचे तीन भाग केले होते आणि मुलीने आपला भाग सोडून जायचे नाही, असा नियम होता. फार धावपळ मुलींना सोसणार नाही, अशी त्या काळची समजूत. म्हणजे बाहेरची रेघ होतीच, वर आतही रेघा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळांतल्या मुली मधली रेघ न ओलांडता खेळण्याचा प्रकार १९९३ पर्यंत खेळत होत्या. आपल्या मुली सबंध २८ मीटर धावतात.

आता, पंचाला दिसले नाही तर? दोन हात एकदम लागले, किंवा दोन पंचांनी दोन निरनिराळ्या दिशा दाखवल्या, तर? त्यासाठी नियम आहे. पंच दोन्ही हातांचे अंगठे वर करतो. पूर्वी अशा वेळी दोन खेळाडूंच्या मध्ये चेंडू वर उडवत आणि दोघी उडी मारत. उंच मुलीचे फावत असे. आता तसे फक्त सामन्याच्या सुरुवातीला करतात. नंतर टेबलावरचा बाण पाहतात. त्या पहिल्या उडीत ज्या संघाला चेंडू मिळाला नाही, त्याच्याकडे बाण. अशी शंकेची वेळ आली की बाण ज्यांच्याकडे त्यांना चेंडू, आणि मग बाण फिरवून दुसऱ्यांकडे. दोघी चेंडूला चिकटून ओढाताण करत असताना एकीचा पाय रेघेवर गेला, तरी असेच करतात. तो लाल बाण माझ्याच हातात असतो. मी टेबलावर काय करते असे विचारतात ना, ते हे.

तर पंचाने अंगठे वर केले की आपल्याकडून आवाज येतो, “डोळे नाहीत का?” मला वाटते, सबंध सामन्यात पंच सर्वांत खरा बोलतो तो त्याच वेळी. न दिसता अंदाजाने एक दिशा दाखवणे फार सोपे. निम्मी माणसे तरी खूश होतात. अंगठे वर केले की दोन्हीकडचे लोक रागावतात.

त्याला दिसत कसे नाही, तो तर जवळच होता, हेही नेहमी ऐकू येते. दोन पंच असले की त्यांनी रेघा वाटून घेतलेल्या असतात. एक पुढे, बोर्डाखालच्या टोकाच्या रेघेजवळ. दुसरा मागे, चेंडूच्या मागल्या अंगाला. दोघांनी आपापल्या डाव्या हाताची कडेची रेघ सांभाळायची. पुढच्याकडे शिवाय टोकाची रेघ, मागच्याकडे मधली. दुसऱ्याच्या रेघेवर शिटी वाजवायची नाही, त्याने विचारले तर सांगायचे. म्हणून जवळ दिसणारा पंच गप्प असतो आणि लांबचा शिटी वाजवतो. शिवाय रेघेच्या ओळीत उभे राहून जे दिसते ते खुर्चीतून तिरपे दिसत नाही. दूध मापाने घेताना आपण डोळा मापाच्या पातळीत आणतो की नाही? वरून पाहिले तर माप नेहमीच भरलेले दिसते.

फोनवर चित्रण करून पंचाला दाखवणे हा नवीन प्रकार सुरू झाला आहे. मोठ्या सामन्यांत चित्रण पाहून निर्णय करण्याची सोय आहे, नाही असे नाही. पण तिथेही चेंडू कुणामुळे बाहेर गेला हे पाहायचे ते आधी मंजूर केलेल्या यंत्रावर. आपल्या पर्समधल्या फोनवर नव्हे.

आता गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याकडे येते. तुम्ही सगळ्या होता. ज्या काकूंविषयी बोलायचे आहे त्या इथेच बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच बोलते आहे. एक मिनिट उरले होते. आपल्या निळ्या मुलींनी दिलेला पास लांब गेला. चेंडू कडेच्या रेघेपलीकडे हवेत होता आणि आपल्या मुलीने आतून उडी मारली होती. तिचा हात पोचलाच असता. पण पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रेघेपासून हातभर अंतरावर. काकूंच्या हातात चहाचा कप. चेंडू अंगावर येतो म्हणून कुणीही करील तेच त्यांनी केले, दुसरा हात पुढे केला. चेंडू हाताला लागला. शिटी वाजली. चेंडू पांढऱ्यांना. त्यांनी त्यावर दोन गुण केले आणि आपण एका गुणाने हरलो. आपली मुलगी खुर्च्यांवर पडली, गुडघ्याला तीन टाके.

आता वर सांगितलेले लावून पाहा. चेंडू बाहेरच्या माणसाला लागला, म्हणजे बाहेर. काकू खेळाडू नाहीत, तेव्हा शेवटचा हात त्यांचा धरता येत नाही. शेवटचा हात निळ्या मुलीचा. चेंडू पांढऱ्यांचा. यात पंचाने वेगळे करण्यासारखे काहीही नव्हते.

ती पंच आपल्याच गल्लीतली, कॉलेजात जाणारी १९ वर्षांची मुलगी. सामना संपल्यावर पाव तास तिला घेरून जे बोलले गेले ते मी टेबलावर बसून ऐकले. “आपल्याच गल्लीत राहून आपल्याच मुलींना हरवलेस,” हे त्यातले सौम्य. एकीने तिच्या आईला दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला नळावर गाठून सुनावले. त्या मुलीने तिसऱ्या दिवशी शिटी क्रीडाशिक्षकांकडे परत दिली. महाराष्ट्राच्या स्नेहल बेंडके आंतरराष्ट्रीय पंच झाल्या, त्यांची बातमी हिनेच कधी काळी आपल्या फलकावर लावली होती. या वर्षी सामन्यांना दोन पंच हवेत, एकच कबूल झाला आहे. बाहेरून बोलवावा तर मानधन द्यावे लागेल, आणि बाहेरच्याशीही आपण असेच वागलो तर पुढच्या वर्षी तोही यायचा नाही.

खुर्च्यांचे मात्र आपल्या हातात आहे. मैदानाच्या रेघेपासून निदान दोन मीटरपर्यंत काही अडथळा असू नये, माणसे धरून, असा नियमच आहे. आपण सरबताच्या टेबलासकट रेघेवर जाऊन बसतो, कारण मुली जवळून दिसतात. दोन मीटर म्हणजे नऊवारीच्या पातळाचा पाव भाग, फार नाही. तिथून दिसायला काही कमी दिसणार नाही, आणि चेंडू आपल्यापर्यंत यायच्या आत मुलीला तो गाठता येईल.

तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर जमायचे आहे. रंगाऱ्याने आत ओढलेली रेघ खरवडून काढायची आणि जुनी रंगवायची. घरात जुन्या पत्र्या, सुऱ्या असतील त्या आणाव्यात, मापाची फीत माझ्याकडे आहे. रेघेपासून दोन मीटरवर सुतळी बांधून खुर्च्यांची जागा ठरवू. आणि गुरुवारी संध्याकाळी सचिवबाई, काकू आणि मी त्या मुलीच्या घरी जाणार आहोत, तिने शिटी परत घ्यावी म्हणून विनंती करायला. ती हो म्हणेल की नाही सांगता येत नाही. आमच्याबरोबर ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. नळावर बोलणाऱ्या बाई आल्या तर फार बरे होईल.